मोहिनीताईच्या हातातलं ताट

मी आधीच सांगून ठेवते, मी काही त्यांच्यातली नाई. माझ्या गल्ल्यावर गणपती आहे, श्रावणात सोमवार धरते, अन् चर्चमध्ये आयुष्यात दोनदाच गेली असीन, तेही लग्नाले. तरी मोहिनीताईची गोठ सांगाची तं मीच सांगाव. कारण खरं जे झालं ते माझ्या मेसात घडलं, माझ्या डोळ्यादेखत. अन् जे लोकं बाहेर सांगत फिरून राह्यले होते का मोहिनीबाईनं पोट्टी बाटवली, त्यायच्यातलं एकही तिथं नव्हतं.

माझी मेस सावंगीले, मेडिकल कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर. प्रमिलाबाईची मेस म्हटलं का कोणीही दाखवते. मागं टिनाची एक लांब खोली आहे. अकरा वर्षांपूर्वी ही बाई स्कूटीवर आली अन् म्हणे, शनिवारी पाच ते सात खोली पाहिजे. वर्ध्याच्या एका शाळेत क्लर्क, लग्न केलं नाई, माय मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, ते मरून गेलती. मी इचारलं, "कायले पाहिजे व?" म्हणे, "कॉलेजच्या पोरांसाठी. बायबल वाचू, गाणी म्हणू, गप्पा मारू." मी म्हटलं, "बाई, हे पोट्टे आपल्या मायबापाचा फोन उचलत नाई, तुझं बायबल आयकाले येतीन?"

नाईच आले. आठ महिने नाई आले. ही बाई दर शनिवारी दहा खुर्च्या मांडे, दहा कप चहा सांगे, अन् एकटीच बसे. सात वाजले का खुर्च्या उचलून घरी जाय. मले असा राग ये! एक दिवस म्हटलंच, "दहाचा चहा कायले सांगतं? एकाचा सांग." तं मले म्हणते, "अन् नऊ जण आले तं?" काय बोलावं अशा माणसाले. उरलेला चहा माझी भांडेवाली पिऊन पिऊन कंटाळली.

मंग एक केरळची नर्सिंगची पोट्टी आली, घरच्या आठवणीनं रडत. तिनं दोन आणल्या. मिझोरामचा एक पोट्टा गिटार घेऊन आला. तीन वर्षांत खोली भरली. पण गंमत अशी का सारा कारभार इंग्रजीतून, अन् आपल्या आर्वी-आष्टीकडचे पोट्टे कोपऱ्यात मुके बसत. एक पोट्टी दोन शनिवार आली अन् मंग आलीच नाई. मोहिनीताईले ते इतकं लागलं का तवापासून तिनं नेम केला. जे काही बोलाचं ते तीनदा बोलाचं. इंग्रजी, हिंदी अन् मराठी. अर्ध्या तासाच्या गोष्टीले दीड तास लागे. हुशार पोट्टे जांभया देत. ही म्हणे, "एकाले जरी समजलं नाई, तं माझं बोलणं झालंच नाई." जात कोणाची इचारली नाई, धर्म इचारला नाई. काही जण तं फक्त माझ्या आलूबोंड्यासाठी येत. त्यायले बी माहीत होतं, तिले बी.

दोन वर्षांपूर्वी पौर्णिमा आली. लॅबचा कोर्स करणारी. तिची रूममेट गुंजन घेऊन आली. पौर्णिमाले आयकू येत नाई अन् बोलता येत नाई. बहिऱ्या-मुक्यांच्या शाळेत, होस्टेलात वाढलेली, त्याच्यानं हातवाऱ्याची भाषा तिची अशी सरसर. पण आमच्या इथं ते भाषा कोणाले येते? पह्यल्या दिवशी दोन तास सगळ्यांच्या तोंडाकडं पाहत बसली. जाताना मोहिनीताईनं कागदावर लिहून इचारलं, आज काय समजलं? तिनं एकच शब्द लिहिला, 'चहा'.

मले हसू आलं. मोहिनीताईनं मात्र त्या दिवशी माझ्याकडचं जेवणाचं ताट तसंच वापस केलं. अन् दुसऱ्याच रविवारपासून पौर्णिमाच्या जुन्या शाळेच्या एका मास्तरीणबाईकडं शिकाले जाऊ लागली. वय सेहेचाळीस, बोटं अशी ताठलेली! वर्ध्याहून येताना स्कूटी घरी ठेवे अन् बसमध्ये हात हालवत बसे. कंडक्टरनं मले इचारलं, "त्या बाईच्या डोक्यावर परिणाम झाला का जी?" सहा महिने तिचं सारं चुकत राह्यलं अन् पौर्णिमा पोट धरून हसत राह्यली. वर्षभरानं मंग बोटं चालाले लागली. आता शनिवारी एकच गोष्ट चारदा व्हाची, अन् चौथ्या वेळी खोलीतले सारे त्या हातांकडं पाहत.

आता जे झालं ते सांगते.

या वर्षी पौर्णिमाची शेवटची परीक्षा होती. तिच्या मनात आलं का मोहिनीताई रविवारी जाते तिथं एकदा गुंजनले संगं घेऊन जाऊन पाहावं. महिन्याचा पह्यला रविवार होता. त्या दिवशी त्यायच्यात प्रभुभोजन असते. पावाचा तुकडा अन् लहानशा कपात द्राक्षाचा रस, ताटातून बाकाबाकावर फिरवतात. पण ते कोणीही घ्याचं नसते. ज्याचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे जो विधीनं त्यायचा झाला, त्यानंच घ्याचं. पाळक म्हणजे त्यायचे पुजारी म्हणा, ते आधी तसं मोठ्यानं सांगतात.

ताट फिरवाचं काम मंडळीतले वडीलधारे पुरुष करतात. त्या दिवशी दोघं जण आजारी. पाळक म्हणाले, मोहिनी, तू घे. त्या चर्चात आजवर बाईच्या हाती ताट दिलं नव्हतं. वीस वर्षं ही झाडण्यापासून मयतीपर्यंत सारं करे, पण ताट नाई. तिले किती वाटलं असीन! उठली, पदर सावरला, ताट घेतलं. पाळकांनी ते सूचना सांगतली तवा, एरवी पौर्णिमाले सारं सांगणारे हात ताटाखाली गुंतले होते.

ताट फिरत फिरत पौर्णिमाच्या बाकाशी आलं. आजूबाजूच्यायनं हात पुढं केले तसा तिनंही केला, मोठ्या खुशीनं. मोहिनीताईले समजलं. मले तिनं स्वतः सांगतलं, "प्रमिलाबाई, ताट मागं ओढता आलं असतं. पण ते माझ्याकडं पाहून हसून राह्यली होती. मले नाई ओढवलं." पौर्णिमानं तुकडा खाल्ला अन् रस पिली. मागच्या बाकावरून गुंजननं फोटो काढला अन् बिनडोक्यासारखा स्टेटसले टाकला, 'पौर्णिमाचा चर्चमधला पहिला संडे'.

दोन दिवसात दोन्हीकडून आग लागली.

मंगळवारी चर्चच्या वडीलधाऱ्यायनं मोहिनीताईले बोलावलं. त्यायच्यात रूपरावजी म्हणून मोठे आहेत, माणूस वाईट नाई, पण नेमाचा कडक. त्यायनं इचारलं, माहीत असून दिलं का? ही म्हणे, हो. मंग त्यायनं दोन वाटा सांगतल्या. एक, लिहून दे का पोरीनं फसवून घेतलं, म्हणजे तुझ्यावर काही नाई. दुसरी, येत्या रविवारी तिले बाप्तिस्मा देऊन टाकू, म्हणजे झालेलं नेमात बसून जाईन. हिनं दोन्हीले नाई म्हटलं. रूपरावजी म्हणाले, "मोहिनी, हट्ट नोको करू, शनिवारचं सारं काम मातीत जाईन." तरी नाई. मंग त्यायनं ठरवलं. शनिवारच्या सभेवरून चर्चचं नाव काढून घेतलं, अन् हिले सहा महिने प्रभुभोजन बंद. ज्या ताटासाठी वीस वर्षं थांबली, ते एका दिवसात गेलं.

अन् तिकडं तो फोटो तळेगावले पोचला. तळेगाव श्यामजीपंतले पौर्णिमाचे बाबा राहतात, बाबाराव. ग्रामपंचायतीत शिपाई, गावच्या विहाराचं सारं पाहणारे, पोरीची माय लहानपणीच गेलेली. त्यायनं गुंजनले फोन केला, "शनिवारी येतो. पौर्णिमाले घेऊन जातो. शिक्षण झालं तिचं." परीक्षा अठरा दिवसांवर होती.

खोटं कायले बोलू, मलेही भेव वाटलं. गुरुवारी दोन पोट्टे मोटरसायकलवर आले, खोलीचे फोटो काढून चालले गेले. माझा जेठ, नवऱ्याचा मोठा भाऊ, म्हणे, "काढ त्या बाईले, मेस जाळून टाकतीन." मी शुक्रवारी मोहिनीताईले फोन केला. सांगाचं होतं का उद्या येऊ नोको. तिनं उचलला अन् म्हणे, "प्रमिलाबाई, उद्या बाबारावजी येतात, त्यायच्यासाठी जेवण ठेवजो, दोन-अडीच तास बसमध्ये असतीन." मी हो म्हटलं अन् फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी एका माणसाचा भात जास्त टाकला.

शनिवारी साडेचारले बाबाराव आले. पांढरा सदरा, हातात रिकामी बॅग. मोहिनीताईनं बाकीच्या पोट्ट्यायले घरी पाठवलं. खोलीत ते दोघं, पौर्णिमा, अन् दाराशी मी. पाण्याच्या गिलासाले त्यायनं हात लावला नाई.

"माझा बाप छप्पन साली नागपूरले दीक्षेले गेलता. पायी," बाबाराव म्हणाले. "वापस आला अन् घरातले देव नेऊन नदीत सोडले. तवापासून आमच्या घरात कोणाच्या देवाचा तुकडा कोणी खाल्ला नाई. अन् तुमी माझ्या पोरीच्या हातावर ठेवला?"

"ठेवला," मोहिनीताई म्हणे. "तिले माहीत नव्हतं. मले माहीत होतं. चूक माझी आहे, तिची नाई."

"ते मी तिले इचारतो."

ते पौर्णिमाकडं वळले अन् बोट तोंडाकडं नेऊन मान हालवली, खाल्लं का म्हणून. पौर्णिमाचे हात सुरू झाले. हे सरसर, हे सरसर. बाबारावले त्यातलं एक अक्षर समजेना. मोहिनीताईनं सांगाले तोंड उघडलं तसे ते कडाडले, "चूप! तुमच्याच तोंडानं तुमचा फैसला कराचा का? तुमी जे सांगसान ते तिचं, हे मी काऊन मानू?"

पौर्णिमानं वही ओढली अन् लिहू लागली. त्यायनं वही मिटली. "लिहिणं शिकवता येते," म्हणे. "दोन वर्षं झाले, तिले तुमीच शिकवून राह्यल्या."

मोहिनीताई उठली अन् माझ्या रांधणखोलीत आली. मी दार लोटलं. आतून बाबारावांचा आवाज येऊ लागला. आधी हळू, मंग मोठा, मंग त्याहून मोठा. बहिऱ्या पोरीवर माणूस ओरडून राह्यला होता! जसं का जोरात म्हटलं का तिले आयकू येईन. मले राहवेना. मी म्हटलं, "जा न व आत! काऊन उभी आहेस दगडासारखी?" तिनं डोकं भिंतीले टेकवलं होतं. म्हणे, "मी गेली तं तिचं बोलणं माझं होऊन जाईन."

मंग आवाज बंद झाला. ते ओरडण्याहून वाईट होतं. मी मनात म्हटलं, गेली पोट्टी, आता बॅग भरतीन अन् सातची बस धरतीन.

दार उघडलं. बाबाराव उभे होते, सदरा घामानं ओला. मोहिनीताईकडं न पाहता म्हणाले, "या." मंग म्हणाले, "पण खरं सांगजा. तुमाले तुमच्या देवाची आन आहे."

आता त्या भाषेचा एक नेम असते. सांगणाऱ्यानं 'ती म्हणते' असं म्हणाचं नसते. तिच्या जागी आपणच 'मी' म्हणून बोलाचं, काही गाळाचं नाई, काही जोडाचं नाई. मोहिनीताई पौर्णिमाच्या समोर बसली अन् पौर्णिमाच्या हातांमागं तिचा आवाज चालू लागला.

"मले मोहिनीताईचा राग आहे," मोहिनीताई म्हणाली.

मी चमकली. बाबारावांनी मान वर केली.

"तिनं मले आधी सांगतलं नाई. तिले त्या दिवशी ताट भेटलं होतं, ते त्या खुशीत होती. मी तिच्याकडं पाहत होती, तिनं हात रिकामे केले नाई. एक मिनिट ताट खाली ठेवलं असतं तं मले समजलं असतं. ती मले विसरली. जी कधी विसरत नव्हती, ती विसरली." एक शब्द तिनं गाळला नाई. डोळ्यातून पाणी चाललं होतं अन् तोंड पौर्णिमाचं भांडण भांडत होतं.

बाबाराव आता तिच्याकडं पाहाले लागले. स्वतःच्या तोंडानं स्वतःले असं कोण बोलते? त्यायचा आवाज खाली आला. पोरीकडं पाहून इचारलं, "मंग तू घेतलं कायले?" मोहिनीताईनं ते हातानं सांगतलं.

"विहारात बुद्धपौर्णिमेले खीर वाटतात. सारे हात पुढं करतात, मीही करते. तिथंही सगळ्यायनं केला. मी लहानपणापासून असंच करते. सारे उठले का उठते, सारे हसले का हसते. कायले उठले, कायले हसले, मले कोणी सांगत नाई. बाबा, तुमीही नाई सांगत. तुमाले माझ्यासाठी चारच गोष्टी येतात. जेव. झोप. थांब. चल. आज तुमी आले अन् म्हटलं, चल. काऊन चल, ते सांगतलं नाई. मी तुमचा धम्म सोडला नाई. तुमी इचारलं असतं तं मी सांगतलं असतं. पण तुमाले इचारता येत नाई."

पौर्णिमाचे हात मांडीवर पडले. मोहिनीताईही थांबली.

बाबाराव खाली बसले, खुर्चीवर नाई, फरशीवर. मंग मोहिनीताईले म्हणाले, "मी आयकलं का तुमचे लोकं तिले तुमच्या धर्मात घेऊन राह्यले होते."

"म्हणत होते. मी नाई म्हटलं," एवढंच बोलली ती.

तेवढंच! माझा पारा चढला. मी दारातूनच म्हटलं, "भाऊ, ही सांगणार नाई, मी सांगते. तिच्याच लोकायनं तिले सहा महिने बाहेर बसवलं. तुमच्या पोरीवर खापर फोडलं असतं तं सुटली असती. बाप्तिस्मा देऊन टाकला असता तरी सुटली असती. दोन्ही नाई केलं. आता तुमाले न्याची असीन पोरगी तं न्या, पण हे आयकून न्या."

मोहिनीताई म्हणे, "प्रमिलाबाई, राहू द्या." मी म्हटलं, "तू चूप बस."

बाबाराव उठले. गिलासातलं पाणी पिले. बॅगेची घडी केली अन् काखेत मारली. "परीक्षा होऊ द्या," म्हणाले. जेवले मात्र नाई. बस होती म्हणे.

पुढच्या शनिवारी पाचले खोलीत पाहते तं शेवटच्या खुर्चीवर बाबाराव! पोट्टे घाबरून उभेच राह्यले. त्यायनं मोहिनीताईले सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मी गाणं म्हणणार नाई. डोळे मिटणार नाई. हात जोडणार नाई. मले फक्त हे हाताचं शिकाचं आहे."

"जोडू नका जी," मोहिनीताई म्हणाली. "जोडलेल्या हातानं बोलता येत नाई."

आता दर शनिवारी तळेगावहून येतात. पौर्णिमानं पेपर दिले, रिझल्ट याचा आहे. मोहिनीताईचे सहा महिने सरले नाईत. पह्यल्या रविवारी चर्चमध्ये जाते, मागं बसते, ताट समोरून जाते अन् ही पाहत राहते. मी इचारलं, "लागत नाई का व मनाले?" म्हणे, "लागते. फार लागते." तरी जाते. रूपरावजी एकदा मेसवर आले, चहा पिले, खिडकीतून खोलीत पाहत उभे राह्यले अन् चालले गेले.

गेल्या शनिवारची गोठ सांगते अन् थांबते. बाबारावांनी पोरीले समोर बसवलं अन् हात सुरू केले. बोटं अशी ताठ, का मोहिनीताईची आठवण यावी. अडले का मोहिनीताईकडं पाहत. तिनं आपले हात पदराखाली घेऊन टाकले, सांगाले तयार नाई. मंग बाबाराव स्वतःच उठले. पोट मोठं करून दाखवलं, खुर्चीवर बसले, भाषण देल्यासारखा हात वर केला अन् खुर्चीसकट मागं पडले. अर्धा तास चाललं ते. चार वर्षांपूर्वी त्यायच्या पुतणीच्या, अंजूच्या लग्नात एक मोठ्या पोटाचे पाहुणे बसल्या बसल्या भाषण करता करता स्टेजवर खुर्चीसकट मागं कोसळले होते, अन् सारा मंडप हसला होता. त्या दिवशी पौर्णिमाही हसली होती, सगळ्यायसंगं. आज ती परत हसली, डोळ्यात पाणी येईपर्यंत हसली, अन् या वेळी कायले हसून राह्यली ते तिले माहीत होतं.